खालची टीप आणि वरची ओळ

(नंदाखाल येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

भर पावसातून आलात, ओल्या छत्र्या दाराशी ठेवून बसलात, त्याबद्दल आधी आभार.

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘विद्वत्ता आणि श्रद्धा’. एवढा जाडजूड विषय आम्ही आपणहून घेतला नसता. तो आम्हाला एका मावशींनी दिला. झालं असं, की आम्ही काही जण दर पंधरा दिवसांनी एकत्र बसून बायबल वाचतो. दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेत होते ते, एक कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि या मावशी. मावशींचं अर्धं आयुष्य वाडीत गेलं आणि अर्धं पहाटेच्या लोकलनं दादरला भाजी नेण्यात. पहिल्या दिवशी आम्ही उत्पत्तीचं पुस्तक उघडलं. दोन अध्याय वाचून झाले, आणि आमच्यातल्या एकानं अभ्यासाच्या पुस्तकातली टीप वाचून दाखवली. मोशेच्या नावावरची पाच पुस्तकं एका माणसानं एका बैठकीत लिहिलेली नाहीत, ती अनेक हातांनी, अनेक शतकांत घडत गेली. जगाच्या निर्मितीच्या दोन निराळ्या कथा पहिल्या दोन अध्यायांत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, वगैरे. मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “वरचं खरं का खालचं?”

म्हणजे वरची ओळ खरी की तिच्याखालची टीप.

आम्ही म्हटलं, “दोन्ही खरं, आपापल्या परीनं.” हे उत्तर देताना आम्हाला फार बरं वाटलं होतं. दुसऱ्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. तिसऱ्यालाही नाहीत.

मावशी हे कादोडीत बोलल्या होत्या. आम्ही तुम्हाला पुस्तकी मराठीत सांगतो आहोत. हा फरक जरा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर आजचं बोलणं म्हणजे त्या दोन रिकाम्या बैठकांनंतर आम्ही जे वाचलं त्याचा हिशोब आहे. थोडी पुस्तकांची चिकित्सा, थोडी आमची स्वतःची.

आता मावशींच्या बाजूनं बोलायचं तर खुद्द शुभवर्तमानच त्यांच्या बाजूनं उभं आहे. मत्तयच्या अकराव्या अध्यायात येशू पित्याचे आभार मानतो, ते कशासाठी? ज्ञानी आणि विचारवंत माणसांपासून जे झाकून ठेवलं ते बाळकांना उघड करून दाखवलं, म्हणून. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि योहान यांना धर्मसभेपुढे उभं करतात, तेव्हा सभेला नवल वाटतं ते हेच, की ही न शिकलेली माणसं इतक्या धिटाईनं बोलतात कशी. पौल करिंथकरांना लिहितो की ज्ञानानं माणूस फुगतो. पण गंमत बघा, हे लिहिणारा पौल गमलिएलच्या पायाशी बसून शिकलेला. फेस्तानं तर त्याला भर दरबारात ऐकवलं होतं की तुझ्या विद्येनं तुला वेड लागलंय. न शिकलेल्यांची बाजू कागदावर मांडायला शेवटी शिकलेलाच माणूस लागला. हा पेच तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे तो अनुवादाच्या एका शब्दात येऊन बसला आहे. शुभवर्तमानात येशूशी हुज्जत घालणारी मंडळी कोण? ‘शास्त्री आणि परूशी’. मूळ ग्रीक शब्द आहे ग्रामातेउस, म्हणजे लेखनिक, नियमशास्त्राचा जाणकार. मराठीत त्याला ‘शास्त्री’ हा शब्द रूढ झाला. शब्द चूक आहे असं म्हणता येत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसानं ‘शास्त्री’ ऐकलं की त्याच्या डोळ्यांपुढे गालिलातला लेखनिक येणार की पुण्या-नाशकातली पगडी आणि उपरणं? आणि आपली पंचाईत वेगळीच. आपण ख्रिस्ती श्रोते देवळात हा शब्द ऐकतो आणि मनात म्हणतो, शास्त्री म्हणजे ते, तिकडचे. आपल्यात कुठे शास्त्री असतात? त्या दिवशी टीप वाचून दाखवणारा आमच्यातला माणूस तरी मग कोण होता? रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर ‘पढतमूर्खा’साठी स्वतंत्र समास राखून ठेवला. मराठी बायबलला तो शब्द कुणी सुचवला असता तर निदान आपण सगळेच दचकलो असतो.

असो. शास्त्र्यांवरून थेट दोन माणसांकडे जाऊ, कारण दोघांनीही साध्या ऐकणाऱ्यासाठी ग्रंथ केला आणि दोघांनी बरोबर उलट वाटा धरल्या.

पहिला फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, १५७९ साली गोव्यात उतरला, आणि १६१६ साली रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्यानं ख्रिस्ती झालेली माणसं म्हणत होती की आमची पुराणं गेली, आता ऐकायला काय? त्या मागणीला हे उत्तर. प्रस्तावनेत तो सांगून टाकतो की जुन्या कवींचे अवघड शब्द त्यानं पुष्कळ गाळले आणि ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, लोकांना कळावं म्हणून. पण गाळले ते अवघड शब्द, ओळखीचे नव्हेत. स्वर्गाला त्याचा शब्द आहे ‘वैकुंठ’. ऐकणाऱ्याच्या तोंडात जो शब्द आधीपासून आहे तोच घ्यायचा आणि त्यात नवा अर्थ ओतायचा, ही त्याची रीत.

दुसरी पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. ‘शास्त्री’ हा शब्द वाचताना तिला काय वाटत असेल, याचा विचार आम्ही आधी कधी केला नव्हता. ज्या बापानं समाजाचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, दुष्काळात उपाशी मेला पण विद्या विकली नाही, तो शास्त्री. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८३ साली इंग्लंडातल्या वाँटेज इथं तिनं बाप्तिस्मा घेतला. इथं तिची विद्या आणि तिची श्रद्धा यांची गाठ पडते, आणि ती गाठ बघण्यासारखी आहे.

बाप्तिस्म्यानंतर वाँटेजच्या भगिनींशी तिचा पत्रव्यवहार चालू झाला. त्यात ती त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल विचारते, मतांगीकाराच्या शब्दांबद्दल विचारते, हे बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा म्हणते. जे पटलं नाही त्याला मान हलवायला ती तयार नाही. आणि समोरून तिला काय ऐकावं लागतं? तू गर्विष्ठ आहेस. तुझ्यात नम्रता नाही. ही पत्रं आम्ही लागोपाठ वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ‘नम्र श्रद्धा’ हे शब्द नेहमी नम्र माणसाच्या तोंडून येतात असं नाही. पुष्कळदा ते वरच्या पायरीवरून येतात, आणि खालच्या पायरीवरच्या माणसानं प्रश्न थांबवावेत म्हणून येतात. तिथं नम्रता हा गुण उरत नाही, तो हुकूम होतो. सिस्टर जेराल्डीनचं रमाबाईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. प्रेम होतं, आणि तरी हे होतं.

पुढे त्याच रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. कुणी म्हणेल, बघा, शेवटी विद्या खाली ठेवावीच लागली. आम्हाला तसं वाटत नाही. कारण त्यानंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या खाण्यापिण्याची व्यवस्था बघता बघता, ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. कशाला? त्या मुलींना वाचता येईल असं बायबल मराठीत करायला. पंधराएक वर्षांहून अधिक काळ ती त्यात होती. मजकूर मुक्तीतल्याच बायकांनी जुळवला, छापला, बांधला. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. विद्या खाली ठेवली म्हणायचं की खाली बसलेल्यांच्या कामाला लावली म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

आता चिकित्सा. रमाबाईंचा निर्धार होता की भाषा साधी हवी, संस्कृताचा भार नको, आणि ज्या शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटल्या आहेत ते शब्द तर नकोतच. स्टीफन्सच्या बरोबर उलट. स्टीफन्सचं ‘वैकुंठ’ त्यांनी दारातच अडवलं असतं. हेतू सोन्यासारखा. पण पानं वाचताना आम्ही अडखळत होतो. मूळ हिब्रूच्या वाक्याला इतकं चिकटून राहिल्यावर मराठी वाक्य अवघडतं. शिवाय कुठला शब्द संस्कृत आहे आणि कुठला नाही, हे ठरवायला आधी संस्कृत यावं लागतं. वाडीतल्या बाईला ‘कृपा’, ‘प्रार्थना’, ‘दया’ हे शब्द संस्कृत आहेत याचा पत्ताच नसतो. ते तिच्या आईचे शब्द असतात. ते गाळायचे की ठेवायचे हा वाद पंडितांचा, आणि रमाबाई या बाबतीत शेवटपर्यंत पंडिताच राहिल्या. चर्चच्या वापरात तो अनुवाद फारसा रुळला नाही. तरी आमच्या मते मराठीत एवढ्या प्रामाणिकपणानं फसलेलं दुसरं काम दाखवणं कठीण आहे, आणि हे आम्ही कौतुकानंच म्हणतो.

याच सुमाराला दुसरीकडे लक्ष्मीबाई टिळक. नवरा रेव्हरंड नारायण वामन टिळक, कवी, शास्त्र जाणणारा, तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा. बायकोला जेमतेम अक्षरओळख. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही बाई उद्ध्वस्त झाली, आणि पुढे पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी तिथं आली. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे की ती कुठल्याही वादात हरून आली नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, थोडे अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. पुढचे बहुतेक अध्याय कुणी लिहिले? लक्ष्मीबाईंनी. पंडितानं सुरू केलेला ग्रंथ अक्षरओळखीवाल्या बाईनं पुरा करत आणला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास शिकवताना हे एक वाक्य सांगून पुढे जातात, थांबत कुणीच नाही.

बरं, आता इथं, आपल्या गावात येऊ.

इथल्या ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल, लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. वेदीकडे तोंड करून धर्मगुरू लॅटिन म्हणत, खाली बायका आपापली रोझरी करत. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५ या काळात झाली, त्यानंतर वेदीवर मराठी आली. हा केवढा मोठा बदल! पण नीट बघा, आली ती कुठली मराठी? प्रमाण मराठी. सामवेदी घरात चुलीशी बोलली जाते ती कादोडी. म्हणजे आपल्या एकाच माणसाच्या आयुष्यात तीन मजले झाले. वर लॅटिन, मधे पुस्तकी मराठी, तळाला घरची बोली. लॅटिन गेलं तसा वरचा मजला गेला असं आपण समजतो. मावशींना विचारा, त्यांच्यासाठी पुस्तकी मराठी हाच वरचा मजला आहे. देव त्यांच्याशी अजून परक्या घरची भाषा बोलतो. त्या तक्रार करत नाहीत, सवय झाली आहे.

याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे म्हणून त्यांच्याबद्दल इथं बोलताना जरा जपूनच बोलावं लागतं, समोर त्यांच्या हाताखाली वाढलेली माणसं बसली आहेत. १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’चे संपादक, हरित वसईच्या लढ्यात पुढे, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून आधी किती गदारोळ झाला तो आपण पाहिला. फादर आजारी असूनही तिथं गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांच्या सगळ्या लेखनात आम्ही ‘सुबोध बायबल’ला मधोमध ठेवतो.

नावापासूनच सुरुवात करू. ‘सुबोध’. रमाबाईंनी हा शब्द खोडला असता, कारण तो शुद्ध संस्कृत आहे! मावशी म्हणतील ‘सोपं’. सुबोध हा सुशिक्षिताचा शब्द आहे, सोपेपणाचं वचन देणारा. आणि फादरांचा वाचक कोण होता हे यातून कळतं. वसईचा ख्रिस्ती तर होताच, पण महाराष्ट्रातला बिगर-ख्रिस्ती मराठी वाचकही त्यांच्या डोळ्यांपुढे होता, ज्यानं ज्ञानेश्वरी वाचलीय, गाथा चाळलीय आणि बायबलला परक्यांचा ग्रंथ म्हणून हात लावलेला नाही. त्या वाचकाशी बोलताना फादरांची मराठी फार सुंदर चालते. मूळ ग्रंथाला जोडलेल्या विवेचनात ते शिक्षकाच्या मायेनं बोलतात. पाहिलेली जागा सांगताना ते सर्वांत चांगले. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ वाचताना धूळ नाकात जाते.

आमची तक्रार एवढीच की कठीण जागा गुळगुळीत करण्याकडे त्यांचा कल आहे. बायबलमध्ये खडे आहेत. संतापलेला देव आहे, उलटतपासणी करणारा ईयोब आहे, शत्रूच्या लेकरांना शाप देणारी स्तोत्रं आहेत. हे खडे दाताखाली आले पाहिजेत. सुबोध करताना भात निवडून द्यायची सवय लागते, आणि जेवणाऱ्याला वाटतं भात असाच उगवतो. हा दोष एकट्या फादरांचा नाही. तो आपल्या सगळ्या प्रवचनपरंपरेचा आहे, आणि त्याचं कारण वाईट नाही. धर्मगुरू सेमिनरीत वर्षानुवर्षं शिकतो. पंचग्रंथ कसे घडले, शुभवर्तमानं कुठल्या क्रमानं लिहिली गेली, हे सगळं त्याला शिकवलेलं असतं. मग तो गावात येतो, रविवारी प्रवचनाला उभा राहतो, समोर मावशी बसलेल्या दिसतात, आणि तो ते सगळं आत ठेवतो. बिचाऱ्यांची श्रद्धा डळमळेल! मायेनंच ठेवतो. आम्हीही तेच केलं असतं.

पण चर्चनं असं ठेवायला सांगितलेलं नाही. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी परिपत्रक काढून अभ्यासकांना मूळ भाषांकडे, ग्रंथातल्या निरनिराळ्या लेखनप्रकारांकडे जायला मोकळीक दिली. नोव्हेंबर १९६५ मध्ये परिषदेनं ‘देई व्हेर्बुम’ हा दस्तऐवज मंजूर केला. पवित्र ग्रंथाचं दार सर्व श्रद्धावंतांना सताड उघडं असावं हा त्याचा आग्रह आहे, आणि मूळ भाषांतून अनुवाद करण्याला त्यात उत्तेजन आहे. सर्व श्रद्धावंत म्हटल्यावर त्यात दादरला भाजी विकणाऱ्या आल्या की नाही?

आणि आविलाच्या संत तेरेजाचं काय करायचं? समाधीत जाणारी, गूढ अनुभव घेणारी बाई. विद्येशी तिचं काय देणंघेणं, असं वाटेल. तिनं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की पापनिवेदनाला आपल्याला शिकलेला धर्मगुरू बरा वाटे. अर्धवट शिकलेल्यांनी आपलं नुकसान केलं. १९७० साली चर्चनं तिला ‘धर्मपंडित’ ही पदवी दिली. इथून जवळचंच उदाहरण हवं तर आपल्या वसईचे बिशप झालेले थॉमस डाबरे. पीएचडीसाठी त्यांनी विषय घेतला तुकारामाचा देवानुभव. वेदांचा अर्थ आपल्यालाच ठावा म्हणून ठणकावणारा देहूचा वाणी, आणि त्याच्यावर प्रबंध लिहिणारा भुईगावचा धर्मगुरू. म्हटलं तर विसंगती आहे. आम्हाला ती फार आवडते.

एक शब्द घेऊन बघू, म्हणजे हे हवेत राहणार नाही. डोंगरावरच्या प्रवचनातलं पहिलं धन्यवचन. ‘आत्म्यानं दीन’ असलेले धन्य. देवळात आपण हे इतक्यांदा ऐकलंय की ‘दीन’ म्हणजे नम्र, गरीब स्वभावाचा, मान खाली घालणारा असं आपण धरून चालतो. श्रद्धावंतानं कसं असावं त्याचा नमुना. खालची टीप काय सांगते? मूळ ग्रीक शब्द आहे प्तोखोस. त्याचा अर्थ साधा गरीब नाही. पोटापुरतं मिळवणाऱ्या गरिबाला ग्रीकमध्ये दुसरा शब्द आहे. प्तोखोस म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही, जो अंग चोरून बसलाय आणि हात पुढे केल्याशिवाय ज्याचा दिवस जात नाही, तो. सौम्य लोकांचं धन्यवचन पुढे निराळं आहे, तिथं शब्दही निराळा आहे. म्हणजे पहिल्या वचनात येशू मान खाली घालायला सांगत नाही. तो हात पुढे करायला सांगतो. प्रश्न विचारणं हेही हात पुढे करणंच नाही का? आता हे आम्हाला वरच्या ओळीनं सांगितलं की खालच्या टिपेनं? ‘दीन’ हा शब्द मराठीत फार चांगला आहे, संतांनी तो घासूनपुसून ठेवलाय, पण ‘दीनवाणा’च्या शेजारानं तो बिघडला. टीप नसती तर आम्ही बिघडलेलाच अर्थ श्रद्धेनं जपत बसलो असतो.

ही टीप घेऊन आम्ही मावशींकडे गेलो. खरं तर माफी मागायला गेलो होतो, पण माणूस रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून टीप. आमची समजूत अशी, की टिपेनं त्यांची श्रद्धा दुखावली, आता जपून बोलायला हवं.

मावशी ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. आम्ही सुरुवात केली, की त्या दिवशी जे वाचलं त्यानं तुम्हाला त्रास झाला असेल तर... त्यांनी मधेच विचारलं, “अनेकांनी लिहिलं हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?” होतं, म्हटलं. “आणि फादर लोकांना?” त्यांनाही. “किती वर्षं?” आम्ही मनात हिशोब केला आणि म्हटलं, पुष्कळ वर्षं. त्या म्हणाल्या, “मग आम्हालाच का नाही सांगितलं?”

त्यांचा राग टिपेवर नव्हताच! साठ वर्षं देवळात बसून आपल्याला पोरासारखं वागवलं गेलं, यावर होता. आम्ही ‘दोन्ही खरं’ म्हणालो तेव्हा तर त्यांना नक्कीच कळलं असणार की पुन्हा तेच चाललंय. पुष्कळ हातांनी लिहिलं याचं त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणाल्या, लग्नातली गाणी तरी कुठे कुणी एकीनं लिहिलीत? आजी म्हणायची, आई म्हणायची, मधे कुणी दोन ओळी घातल्या, आणि गाणं लागलं की डोळ्यांत पाणी यायचं ते येतंच. मग थोडं थांबून म्हणाल्या, पण ते पाच पुस्तकांचं जरा नीट सांगा, कुणी, कधी, कशाला. आम्हाला ते नीट सांगता येईना. टीप वाचली होती, तिच्यामागचं काही वाचलं नव्हतं. लसूण सोलून झाला तरी आमचं उत्तर संपलं नव्हतं, आणि ते कादोडीत सांगायला गेलो तर तिसऱ्या वाक्याला शब्द अडले. आमच्यातले शिक्षक तर चक्क मराठीवर घसरले. मावशी हसल्या.

तेव्हापासून बैठकीत एक नियम झाला आहे, तोही मावशींनीच घातलेला. टीप वाचायची तर ती वाचणाऱ्यानं पुस्तक मिटून, घरच्या बोलीत सांगायची. सांगता आली नाही तर पुढच्या वेळी अभ्यास करून यायचं. यानं वाचन फार हळू चालतं. आमचे बँकवाले कुरकुरतात. उत्पत्तीतून अजून आम्ही याकोबाच्या शिडीपाशीच आहोत. ‘करार’ या शब्दाला कादोडीत काय म्हणावं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली आणि काही ठरलं नाही. कॉलेजातल्या मुलीनं ‘बोली’ हा शब्द सुचवला, म्हणजे लग्नाची बोली करतात ती. मावशींना तो पटला नाही. बोली मोडते, म्हणाल्या.

तुमच्यापैकी कुणाला त्यासाठी घरातला जुना शब्द ठाऊक असेल तर तो आम्हाला हवा आहे. पुढचा शनिवार आहे, संध्याकाळी रोझरी झाल्यावर. मोठ्या अक्षरांची एखादी प्रत असेल तर सोबत आणा, दोन जणांना चष्म्यानंही दिसत नाही. आता प्रश्न घेऊ. मागे पंख्याखाली कुणीतरी केव्हापासून हात वर करून बसलंय, आधी त्यांचा.